संकेतस्थळाची वाट शोधयंत्रास कशी दाखवावी

माल पिकविणें आणि तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडणें या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीचें ज्ञान आमच्या शेतकरी बंधूंस वडिलोपार्जित आहे. दुसरीसाठीं मात्र आम्ही आजवर बहुधा दलालाच्या तोंडाकडे पाहात आलों. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळ या गांवाचेंच उदाहरण घेऊं. सह्याद्रीच्या या उंच माळाच्या आसपास वरकस जमिनींत नागली व वरई होते, खाचरांत भात होतो, आणि जव्हार-मोखाड्याच्या टापूंत अलीकडे मोगऱ्याचीहि लागवड होऊं लागली आहे. हवा थंड असल्यानें प्रवासीहि येतात. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें साल भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळल्यापासून नागली-वरईची विचारपूस शहरांत वाढली आहे. पण शहरांतील गृहस्थ ही विचारपूस करतो ती बाजारांत जाऊन नव्हे, तर हातांतील फोनमध्यें चार शब्द लिहून. त्या चार शब्दांच्या उत्तरांत ज्याचें नांव येतें त्याचा माल खपतो. ज्याचें नांव येत नाहीं त्याचा माल कितीहि चोख असला तरी त्या गिऱ्हाइकापुरता तो नसल्यासारखाच होय.

म्हणून कित्येक शेतकरी गट व उत्पादक कंपन्या स्वतःचें संकेतस्थळ तयार करवितात. पैसे खर्च होतात, पानें सजतात, आणि वर्ष लोटलें तरी एकहि पत्र येत नाहीं. याचें कारण पुष्कळ वेळां मालांत नसतें, भाषेंतहि नसतें. शोधयंत्रास तीं पानें सांपडलेलींच नसतात, इतकेंच असतें. तीं सांपडावींत म्हणून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. पुढील सर्व कामें साधा शिकलेला मनुष्य करूं शकेल अशीं आहेत.

शोधयंत्र चालतें कसें

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिऱ्हाइकानें शब्द लिहितांच शोधयंत्र त्या क्षणीं साऱ्या जगांत धांवत सुटतें असें अनेकांस वाटतें. वस्तुतः तें आपल्या दप्तरांतील नोंदी चाळतें. हें दप्तर आधींच तयार केलेलें असतें. तें तयार करण्यास यंत्राचा एक फिरता कारकून असतो. त्यास इंग्रजींत क्रॉलर किंवा बॉट म्हणतात. हा कारकून म्हणजे मनुष्य नव्हे. ती एक संगणकाची आज्ञावली असते. ती एका पानावर जाते, तेथील मजकूर वाचते, त्या पानावरून दुसऱ्या पानांकडे जाणारे दुवे टिपून घेते, व मग त्या दुव्यांनीं पुढें जाते.

टिम बर्नर्स-ली यांनीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत पहिलें संकेतस्थळ उभें केलें. तें १९९१ सालीं जगास खुलें झालें. १९९३ सालीं अमेरिकेंत मॅथ्यू ग्रे यांनीं जाळ्यावर फिरणारा एक आरंभीचा कारकून सोडला. त्याचें काम किती स्थळें आहेत तें मोजण्याचें होतें. १९९८ सालीं गूगल कंपनी स्थापन झाली. तेव्हांपासून स्थळांची संख्या अफाट वाढली, तरी फिरण्याची मूळ रीत तीच राहिली आहे.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पानाचा पत्ता लागून कारकून तेथें जाणें ही पहिली. वाचलेल्या पानाची दप्तरांत नोंद होणें ही दुसरी. आणि गिऱ्हाइकाच्या प्रश्नास उत्तर देतांना त्या नोंदीस वरचा किंवा खालचा क्रम मिळणें ही तिसरी. लोक तिसऱ्या पायरीची चिंता करतात. पण ज्या शेतांत कोणी गेलेंच नाहीं त्याची पीक पाहणी कशी लागणार? म्हणून आपण पहिल्या पायरीपासूनच आरंभ करूं.

पाणंद नसलेलें शेत

समजा, सूर्यमाळच्या कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून वीस पानांचें एक स्थळ केलें. मुख्य पान, नागलीचें पान, वरईचें पान, मोगऱ्याचें पान, प्रवाशांच्या सोयीचें पान, पत्ता, वगैरे. यांपैकीं वरईचें पान तयार झालें, पण मुख्य पानावरून किंवा अन्य कोणत्याहि पानावरून त्याकडे दुवा दिला गेला नाहीं. तें पान अस्तित्वांत आहे, परंतु चारहि बाजूंनीं दुसऱ्यांचीं शेतें आणि मध्यें आपलें, जावयास पाणंद नाहीं, अशी त्याची स्थिति झाली. कारकून दुव्यानेंच चालतो. दुवा नाहीं तेथें तो पोंचत नाहीं.

यास्तव पहिला नियम असा कीं, स्थळावरील प्रत्येक पानाकडे दुसऱ्या निदान एका पानावरून साधा दुवा असलाच पाहिजे, आणि महत्त्वाचीं पानें मुख्य पानापासून दोन-तीन पावलांच्या आंत असावींत. दुवा साधा असावा असें म्हणण्याचें कारण हें कीं, कांहीं कारागीर शोभेसाठीं दाबावयाचीं बटनें करतात. दाबल्यावर तीं मनुष्यास पुढचें पान दाखवितात, पण त्यांच्या मागें पत्ता लिहिलेला नसतो. तो आज्ञावलींत दडलेला असतो. कारकून बटनें दाबीत बसत नाहीं. स्थळ करणाऱ्यास स्पष्ट सांगावें कीं, प्रत्येक दुव्यांत पानाचा पत्ता उघड असला पाहिजे. दुव्याचे शब्दहि अर्थपूर्ण असावेत. "येथें दाबा" असें लिहिण्यापेक्षां "सूर्यमाळची वरई" असें लिहिलें असतां पुढच्या पानांत काय आहे हें मनुष्यास व यंत्रास दोघांसहि कळतें.

आंतील वाटा झाल्या, तरी गांवास बाहेरून येणारा रस्ता पाहिजे. ज्या स्थळांवर कारकून आधींपासून वारंवार जातो तेथून आपल्याकडे एक जरी दुवा आला, तरी तो त्या रस्त्यानें आपल्याकडे येतो. ज्या संस्थेशीं आपला खरा व्यवहार आहे, ज्या दुकानास आपण माल देतों, ज्या वर्तमानपत्रानें आपल्या मोगऱ्याची हकीकत छापली, त्यांस आपला पत्ता त्यांच्या पानावर देण्याची विनंति करावी. पैसे देऊन शेंकड्यांनीं दुवे विकत घेण्याच्या भरीस मात्र पडूं नये. तें शोधयंत्रांच्या नियमांविरुद्ध आहे, आणि असे दुवे हिशेबांतून वगळले जातात.

पानांचा आकारबंद

गांवाच्या दप्तरांत आकारबंद असतो. त्यांत प्रत्येक भूमापन क्रमांक व त्याचें क्षेत्र लिहिलेलें असतें. संकेतस्थळाचाहि असा आकारबंद करतां येतो. त्यास साइटमॅप म्हणतात. आपल्या सर्व पानांचे पत्ते, व प्रत्येक पान शेवटीं केव्हां बदललें ती तारीख, अशी ही यादी ठराविक नमुन्यांत लिहून स्थळावर ठेवावयाची असते. गूगलनें ही पद्धत २००५ सालीं सुरू केली, आणि २००६ सालीं याहू व मायक्रोसॉफ्ट यांनींहि तोच नमुना मान्य केला. एका यादींत ५०,००० पर्यंत पत्ते मावतात. आमच्या शेतकरी गटांस ही मर्यादा कधींच आड येणार नाहीं. स्थळ चालविण्याच्या बहुतेक प्रचलित आज्ञावल्या ही यादी आपोआप तयार करतात. ती चालू आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें.

यादीचा उपयोग किती, याविषयीं अतिशयोक्ति करूं नये. सुमारें ५०० पानांच्या आंतील, आणि सर्व वाटा नीट जोडलेल्या स्थळास यादीवांचूनहि चालतें असें गूगल स्वतःच सांगतें. परंतु स्थळ नवें असेल व बाहेरून येणारे दुवे थोडे असतील, तर यादी अवश्य करावी. आणि आमचीं स्थळें बहुधा याच जातीचीं असतात. यादी दिली म्हणजे नोंद झालीच असें नव्हे. ती केवळ सूचना होय.

तारखेबाबत सचोटी पाळावी. पानांत कांहीं न बदलतां रोज नवी तारीख टाकल्यास यंत्र त्या तारखांवर विश्वास ठेवीनासें होतें. नवा हंगामी भाव लिहिला, मजकूर सुधारला, तरच तारीख बदलावी.

वेशीवरील पाटी

प्रत्येक स्थळाच्या मुळाशीं रोबोट्स डॉट टीएक्सटी नांवाची एक लहानशी लेखी पाटी ठेवतां येते. शिष्ट कारकून आंत शिरण्यापूर्वीं ती वाचतो. कोणत्या भागांत जावें व कोणत्या भागांत जाऊं नये हें तींत लिहिलेलें असतें. मार्टिन कोस्टर यांनीं १९९४ सालीं हा संकेत सुचविला. अठ्ठावीस वर्षें तो केवळ रूढीनें चालला, आणि २०२२ सालीं त्यास लेखी प्रमाणाचें रूप मिळालें. साइटमॅप कोठें आहे तेंहि याच पाटीवर एका ओळींत लिहितां येतें.

या पाटीनें जितकें हित होतें तितकाच घातहि होऊं शकतो. "डिसअलाऊ" या शब्दापुढें कांहींच न लिहिल्यास सर्व स्थळ खुलें राहतें. पण तेथें नुसती एक तिरकी रेघ लिहिल्यास सर्व स्थळ बंद होतें. स्थळ तयार होत असतांना अर्धवट पानें बाहेर दिसूं नयेत म्हणून कारागीर ही रेघ मुद्दाम घालतो, आणि काम पुरें झाल्यावर काढावयास विसरतो. मग वर्षभर कारकून वेशीवरून परत जातो. ज्यांच्या स्थळाची कोठेंच नोंद नाहीं त्यांनीं सर्वांत आधीं ही एक रेघ पाहावी.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. पाटी कारकुनास आंत येऊं देत नाहीं. पण बाहेरच्या कोणी त्या पानाचा दुवा दिला असल्यास, मजकूर न वाचतांहि नुसता पत्ता दप्तरांत चढूं शकतो. पान दप्तरांत नकोच असेल, तर त्या पानांतच "नोइंडेक्स" ही खूण घालावी लागते, आणि त्या पानास पाटीनें अडवूं नये. दारावर अडविलेला कारकून घरांत चिकटविलेली सूचना वाचणार कशी?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही पाटी म्हणजे कुलूप नव्हे. सज्जन ती मानतो, चोर मानीत नाहीं. उलट काय लपविलें आहे तें त्यास कळतें. सभासदांचे आधार क्रमांक, बँकेचीं खातीं, येणें-देणें यांच्या याद्या उघड स्थळावर ठेवूंच नयेत. ज्यास खरोखर जपावयाचें आहे तें परवलीच्या शब्दामागें ठेवावें. एकदां चार कारकुनांनीं नक्कल नेली कीं ती परत आणणें फार कठीण असतें.

कारकुनास न वाचतां येणारा मजकूर

वाट आहे, यादी आहे, पाटी ठीक आहे. तरी कित्येक मराठी पानें शोधयंत्रास मुकींच राहतात. याचीं कारणें आमच्या भाषेच्या इतिहासांत आहेत. संगणकावर मराठी प्रथम आली तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापले टंक काढले. त्यांत पडद्यावर "वरई" दिसे, पण यंत्राच्या पोटांत मात्र इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असे. त्या काळचीं वर्तमानपत्रांचीं व सरकारी स्थळांचीं पुष्कळ पानें अशा टंकांत लिहिलीं गेलीं, आणि शोधणाऱ्यास तीं मिळेनाशीं झालीं. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास एकच जागतिक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ सालीं निघाली, व भारत सरकारनें २००९ सालीं ती ई-शासनासाठीं प्रमाण म्हणून स्वीकारली. परीक्षा सोपी आहे. आपल्या पानावरील एक वाक्य उचलून शोधयंत्राच्या चौकटींत टाकावें. मराठीच दिसलें तर ठीक; इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर तें पान पुन्हां युनिकोडमध्यें लिहून काढावें.

दुसरा अडथळा चित्रांचा. भावपत्रक सुंदर रंगवून त्याचें एकच चित्र स्थळावर लावण्याची चाल पडली आहे. चित्रांतील अक्षरें वाचण्याची विद्या यंत्रांस कांहीं अंशीं आली आहे. पण तिच्यावर विसंबून राहूं नये. भाव, वजन, पत्ता हें सर्व अक्षरांत लिहावें. चित्र शोभेस असूं द्यावें, आणि चित्रांत काय आहे तें सांगणारी एक ओळ त्यास जोडावी. व्हॉट्सॲपच्या गटांत टाकलेलें भावपत्रक तर शोधयंत्रास दिसतच नाहीं.

तिसरा अडथळा अर्जाचा. महाभूलेख या सरकारी स्थळावर सातबारा पाहावयाचा तर जिल्हा, तालुका, गांव व गट क्रमांक निवडून माहिती भरावी लागते. फिरता कारकून सामान्यतः असे अर्ज भरीत नाहीं. म्हणून गूगलवर नांव लिहून कोणाचा सातबारा निघत नाहीं. सातबाराच्या बाबतींत हें योग्यच आहे. परंतु आपलें भावपत्रकहि "आपला फोन क्रमांक भरा, मग भाव दिसेल" अशा अर्जामागें ठेवलें, तर त्याचीहि तीच गत होते. जें विकावयाचें आहे तें उघड्या ओट्यावर मांडावें.

चौथी गोष्ट फोनची. गूगलचा कारकून आतां पानें मुख्यतः फोनवर दिसतात त्या रूपांतच वाचतो. हा पालट २०२३ सालीं पूर्ण झाल्याचें त्या कंपनीनें जाहीर केलें. मोठ्या पडद्यावर असलेला मजकूर फोनच्या रूपांत गाळला असेल, तर तो कारकुनाच्या लेखीं नाहींच. शिवाय मोखाड्यासारख्या डोंगरी भागांत फोनची लहर क्षीण असते. हलकें पान सर्वांच्याच सोयीचें.

शब्दांविषयीं येथेंच दोन ओळी लिहितों. आमची नागली ती शहरांत नाचणी, आणि कित्येक दुकानांत रागी. आमची वरई ती कोणाकडे भगर, कोणाकडे वरीचे तांदूळ. गिऱ्हाईक आपल्या घरचा शब्द लिहितो, शेतकऱ्याच्या घरचा नव्हे. म्हणून पानांत हीं सर्व नांवें एकेकदां वाक्यांत सहज यावींत. तोच शब्द पन्नास वेळां भरूं नये. त्यानें वाचक कंटाळतो आणि यंत्रहि फसत नाहीं.

बांधबंदिस्ती

बांध फुटला म्हणजे खाचर रिकामें होतें. स्थळाचेंहि तसेंच आहे. एखादें पान काढून टाकलें, पण त्याकडे जाणारे दुवे तसेच राहिले, कीं कारकून येतो आणि "४०४", म्हणजे पान नाहीं, असें उत्तर घेऊन जातो. पान दुसऱ्या पत्त्यावर हलविलें असेल तर जुन्या पत्त्यावर "३०१" ची कायमची वळवणूक ठेवावी. म्हणजे जुन्या दुव्यांनीं येणारा मनुष्य व कारकून दोघेहि नव्या जागीं पोंचतात. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर दिसत असेल तर खरा पत्ता कोणता हें सांगणारी कॅनॉनिकल नांवाची खूण २००९ पासून प्रचारांत आहे, ती घालावी. स्थळ ठेवलेला संगणक वारंवार बंद पडत असेल तर कारकून आपल्या फेऱ्या कमी करतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

सर्वांत मोठा बांध म्हणजे स्थळाचें नांव. तें ज्या मुलानें स्थळ केलें त्याच्या नांवें नसून गटाच्या नांवें नोंदविलेलें असावें, आणि त्याचें शुल्क मुदतींत भरावें. मुदत चुकून नांव दुसऱ्याच्या हातीं गेलें, तर सर्व दुवे व सर्व नोंदी त्याच्या पदरांत पडतात.

पडताळणी

शोधयंत्राच्या चौकटींत इंग्रजी अक्षरांत "साइट" हा शब्द, त्यापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें, व लगेच आपल्या स्थळाचा पत्ता लिहावा. जीं पानें दिसतील त्यांची नोंद झाली असें स्थूलमानानें समजावें. अधिक नेमकी माहिती गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सोयींत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या बिंगचीहि तशीच सोय आहे. स्थळ आपलेंच आहे हें सिद्ध करून तेथें साइटमॅपचा पत्ता द्यावा. एखाद्या नव्या पानाची तपासणी करून नोंदीची विनंतिहि तेथें करतां येते. बिंग व यांडेक्स यांनीं २०२१ सालीं इंडेक्सनाऊ नांवाची वर्दी देण्याची पद्धत काढली. तिनें बदललेल्या पानाची खबर त्यांस तत्काळ जाते.

सर्च कन्सोलमधील दोन शेरे नीट ओळखावेत. "पत्ता कळला, पण नोंद नाहीं" याचा अर्थ कारकून अद्याप तेथें गेलेला नाहीं. "पान वाचलें, पण नोंद नाहीं" याचा अर्थ तो गेला, वाचलें, आणि त्यास नोंदण्याजोगें कांहीं वाटलें नाहीं. पहिल्यास बहुधा वाट सुधारणें हें औषध. दुसऱ्यास मजकूर सुधारणें. वरईच्या पानावर "उत्तम प्रतीची वरई मिळेल" एवढेंच लिहिलें असेल तर दुसरा शेरा मिळाल्यास नवल नाहीं. ती कोणत्या जमिनींत होते, केव्हां निघते, कशी सडली जाते, किती किलोच्या पिशवींत व कोणत्या महिन्यांत मिळते, हें लिहिलें तर तें पान नोंदण्याजोगें होतें. कारण ही माहिती आमच्याइतकी दुसऱ्या कोणासहि ठाऊक नाहीं.

विनंति केल्यापासून नोंद होण्यास कांहीं दिवसांपासून कांहीं आठवड्यांपर्यंत काळ लागतो. रोज विनंति केल्यानें काम लवकर होत नाहीं. पेरल्यावर रोज माती उकरून मोड पाहणारा शेतकरी पीक घेत नाहीं.

ठकांपासून सावध

"दहा हजार रुपये द्या, तुमचें नांव गूगलवर पहिलें आणतों" असें सांगणारे लोक आतां तालुक्याच्या गांवापर्यंत आले आहेत. पैसे घेऊन कारकुनाच्या फेऱ्या वाढविणें किंवा क्रम वर नेणें हें आपण करीत नाहीं, असें गूगलनें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. जाहिरातीची जागा विकत मिळते. पण ती जाहिरात म्हणूनच दिसते, आणि पैसे संपतांच नाहींशी होते. पहिल्या क्रमाची हमी देणाऱ्यास नमस्कार करून परत पाठवावें. ज्याच्याकडून काम करवून घ्यावयाचें त्यास वर लिहिलेल्या गोष्टींपैकीं कोणत्या केल्या व कोणत्या राहिल्या एवढेंच विचारावें.

सारांश

१. प्रत्येक पानाकडे साधा दुवा असावा. वाट नसलेलें पान ठेवूं नये.
२. साइटमॅप करावा, तारखा खऱ्या लिहाव्या, व त्याचा पत्ता सर्च कन्सोलमध्यें द्यावा.
३. रोबोट्सच्या पाटीवर चुकून राहिलेली तिरकी रेघ काढावी. खाजगी कागद कुलपांत ठेवावे.
४. मजकूर युनिकोड मराठींत, अक्षरांत, उघडा, आणि फोनवर पूर्ण दिसेल असा असावा.
५. तुटलेले दुवे दुरुस्त करावे, हलविलेल्या पानांस वळवणूक द्यावी, स्थळाचें नांव गटाच्या मालकीचें ठेवावें.
६. महिन्यांतून एक दिवस पडताळणीस द्यावा.

यांपैकीं कोणतेंहि काम एका दिवसापेक्षां अधिक वेळ घेणारें नाहीं, आणि शेवटचें तर भात लावणीच्या गर्दींतहि एका संध्याकाळीं उरकतें. गटांतील एका तरुण सभासदाकडे हें काम सोंपवावें व दर सभेंत त्याचा अहवाल ऐकावा. नागली-वरईच्या साठवणींत जितकी दक्षता आपण बाळगतों, तितकी या दप्तराविषयीं बाळगली, तर गिऱ्हाईक व शेतकरी यांची थेट गांठ पडण्यास निदान वाटेचा अडथळा राहणार नाहीं. पुढें माल पसंत पडणें हें मालाच्या गुणावर आहे, आणि त्याविषयीं आमच्या बंधूंस नवें सांगण्याचें कारण नाहीं.